पावतीवरची नदी

घराच्या मागच्या भिंतीला ओल आली होती. पितृपंधरवड्यात नवं काम कोणी काढत नाही, म्हणून गवंडी मोकळा सापडला. त्यानं भिंतीवर थापी मारली, कान लावला आणि निदान केलं : गिलावा पोकळ झालाय, उतरवायचा, ब्रासभर वाळू सांगा.

त्या एका ब्रासानं मला महसूल प्रशासन, पर्यावरण कायदा आणि अर्थशास्त्र शिकवलं. ओल अजून तशीच आहे.

ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच ढीग. सरकारी हिशेबात सुमारे साडेचार टन. वाळूवाल्याच्या हिशेबात ट्रॉलीत दिसेल तेवढं.

फोन लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "पावतीची पाहिजे का बिगरपावतीची?"

म्हटलं, फरक काय?

"वाळूत काय नाही, साहेब. भावात आहे."

मी सज्जन माणूस. सदर लिहितो. पावतीचीच सांगितली. ती रात्री तीन वाजता आली.

दारात ट्रॅक्टर घुरघुरला, ट्रॉली उलटली, कुत्री भुंकली, शेजारचे दिवे लागले आणि विझले. पावतीचं विचारलं तर पोरगा म्हणाला, "व्हॉट्सॲपला येईल." कायदेशीर वाळू रात्री तीनला का येते? तो म्हणाला, "दिवसा ट्रॅफिक असतंय."

ट्रॅफिक. आमच्या गल्लीत दिवसा दोन म्हशी असतात.

आता मुळात वाळू कोणाची? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २० सांगतं की नद्या, नाले आणि त्यांची पात्रं सरकारच्या मालकीची. खाण आणि खनिज कायदा १९५७चा. त्यात साधी वाळू 'गौण खनिज' ठरते आणि कलम १५ नुसार तिचे नियम करायचा अधिकार राज्याचा. म्हणजे मालक सरकार, दुकानदार सरकार, पहारेकरीही सरकार.

तिन्ही जागांवर एकच माणूस बसलेला असताना दुकान फुटतं कसं?

बरं, वाळू चोरणं ही चोरी आहे की नुसता खाणनियमांचा भंग, यावरही वाद झाला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१४ साली कोर्टानं सांगितलं की नदीतून विनापरवाना वाळू उचलली तर खाण कायदा लागेलच, शिवाय भारतीय दंड विधानातला चोरीचा गुन्हाही वेगळा लागू शकेल. चोरीला चोरी म्हणायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा वेळ गेला.

खिसेकापूंना इतकं तात्त्विक संरक्षण कधी मिळालं नाही.

पण सरकार स्वस्थ बसलं, असं म्हणायची सोय नाही. धोरणं येतच असतात. २०१०, २०१३, २०१८, २०१९, २०२२, २०२३, २०२४, २०२५. हा लॉटरीचा निकाल नव्हे. ही वाळूविषयक धोरणांची आणि त्यांच्या सुधारित आवृत्त्यांची सालं आहेत. वर्षाला एक नवी आवृत्ती तर कालनिर्णयाचीच निघते.

सरकार बदललं म्हणून धोरण बदललं, हे एक वेळ समजू शकतं. इथं मंत्री तेच, खातं तेच, आणि २०२३च्या धोरणाला दहा महिन्यांत दुरुस्ती. नदीचा प्रवाह तरी इतक्या वेळा वळतो का?

२०२३चं धोरण आठवतं? महसूलमंत्री राधाकृष्ण विखे पाटील. वाळू सहाशे रुपये ब्रास. सरकार स्वतः डेपो काढणार, माणसानं ऑनलाइन नोंदणी करायची, डेपोवरून वाळू न्यायची, माफिया उपाशी मरणार. १ मेच्या मुहूर्तावर श्रीरामपूर तालुक्यात नायगावला पहिला डेपो सुरू झाला. नारळ फुटला, फीत कापली, भाषणं झाली.

सहाशे रुपये! त्या आकड्यानं घर बांधणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कळलं की गाडीभाडं वेगळं. डेपो लांब. वेबसाइट हळू. आणि जवळच्या डेपोवर वाळू शिल्लक नाही.

स्वस्त होतीच की. नव्हती एवढंच.

२०२५च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळानं नवं धोरण मंजूर केलं. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे. डेपो गेले, ई-लिलाव परत आला. नदीपात्रासाठी दोन वर्षांचा, खाडीसाठी तीन वर्षांचा. म्हणजे २०२३मध्ये ज्या लिलावामुळे माफिया माजले म्हणून डेपो आणले, त्या डेपोंचं काही जमेना म्हणून २०२५मध्ये लिलाव आणला.

भोवऱ्यात सापडलेली बाटलीही अशीच फिरते. ती निदान प्रत्येक फेरीला शासन निर्णय काढत नाही.

लिलावाची गंमत बघा. सरकारी मराठीत किमान बोलीला 'हातची किंमत' म्हणतात. हात कोणाचा, हे लिहिलेलं नसतं. ही हातची किंमत लावून तालुक्यातले वाळूघाट लिलावाला काढायचे. मग जाहिरात, मुदतवाढ, फेरलिलाव, पुन्हा मुदतवाढ. कित्येक घाटांना बोलीच येत नाही. अधिकारी बुचकळ्यात : कोट्यवधींचा धंदा, आणि गिऱ्हाईक नाही?

जे रात्री फुकट मिळतं त्याला दिवसा बोली कोण लावणार?

ग्रामसभेचं म्हणाल तर तिचं मत विचारलं जातं. गावातल्या विहिरी नदीच्या वाळूवर जगतात. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो, तो गेला की पुराचं पाणी पाय न टेकता पुढं जातं आणि जानेवारीत विहिरीचा तळ दिसतो. हे कळायला हायड्रॉलॉजीची पदवी लागत नाही, पोहरा लागतो. म्हणून शहाणी गावं ठराव करतात : आमच्या नदीचा लिलाव नको.

ठराव मान्य होतो. लिलाव होत नाही. उपसा होतो.

लिलाव नाही म्हणजे उपसा नाही, असा समज फक्त मंत्रालयाच्या सहाव्या-सातव्या मजल्यावर टिकून आहे. गावानं नकार दिला की नदीला मालक उरत नाही, एवढाच अर्थ खाली पोचतो. ठेकेदार असता तर निदान दुसऱ्या चोराला त्यानं हाकललं असतं.

कागदावर आपले नियम मात्र बघत राहावे असे. उपसा सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. पावसाळ्यात बंद. पुलाजवळ नको. ठरल्यापेक्षा खोल नको. पोकलेन नको. घाटावर सीसीटीव्ही हवा. गाडीला जीपीएस हवा. गाडीच्या पासावर बारकोड हवा. तालुक्याला तहसीलदारांची समिती, जिल्ह्याला जिल्हाधिकाऱ्यांची समिती.

स्वित्झर्लंडनं येऊन शिकून जावं. फक्त रात्री येऊ नये.

रात्रीचं नवीन असं की २०२५च्या जुलैमध्ये वाळूची वाहतूक चोवीस तास खुली झाली. उपसा दिवसाच, वाहतूक केव्हाही. कारण पटण्यासारखं होतं : दिवसा काढलेली वाळू संध्याकाळी अडकून पडते, कायदेशीर गाड्या रात्रभर उभ्या राहतात आणि बेकायदा धावतात. आता दोन्ही धावतील. अंधारात त्यातली कुठली कोणती, हे ओळखायचं काम ज्याचं, त्याच्याकडे मोटारसायकल आहे.

त्याला आपण तलाठी म्हणायचो. आता त्याचं नाव 'ग्राम महसूल अधिकारी' आहे. पदनाम लांब झालं, पेट्रोल तेवढंच. रात्री दीड वाजता नदीच्या उतारावर त्यानं हायवा अडवायचा. समोर टनावारी लोखंड, मागं ट्रॅक्टरवर लोखंडी गज घेतलेली पोरं, हातात शासकीय ओळखपत्र. तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घातला, तहसीलदारांच्या गाडीवर दगड मारले, मंडळ अधिकाऱ्याला मारहाण झाली, या बातम्या आता आतल्या पानावर जातात. पहिल्या पानावर नव्या धोरणाची बातमी असते.

तो बिचारा निघण्याआधीच नदीला कळलेलं असतं. तहसीलच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर दोन पोरं बसलेली असतात. त्यांचा धंदा 'लोकेशन' देण्याचा. साहेबांची गाडी सुरू झाली, डावीकडे वळली, पंपावर थांबली, फाट्यावर आली. सगळं ग्रुपवर. आपत्ती व्यवस्थापन खात्याला पुराची सूचना इतक्या वेळेवर देता आली तर किती माणसं वाचतील.

पथक पोचतं तेव्हा नदी शांत, चंद्र वर, चाकोऱ्या ओल्या.

आणि कधी सापडलंच कोणी, तर पंचनामा होतो. पंचनाम्याची मराठी ही स्वतंत्र बोली आहे. 'सदर ट्रॉलीमध्ये अंदाजे एक ब्रास वाळू मिळून आली. चालकास पावतीबाबत विचारणा केली असता त्याने उडवाउडवीची उत्तरे दिली व अंधाराचा फायदा घेऊन पळून गेला.' वर्षानुवर्षं हेच वाक्य. उडवाउडवीची उत्तरं नेमकी काय होती, हे कोणी लिहीत नाही. ट्रॅक्टर नदीत का घातला असं विचारल्यावर माणूस उडवाउडवी तरी काय करत असेल? धुवायला आणला?

अंधाराचा फायदा घेऊन पळून गेलेल्यांची एकदा स्वतंत्र जनगणना घ्या. एक मतदारसंघ भरेल.

कायदे कमी आहेत का? मुळीच नाहीत. संहितेच्या कलम ४८ नुसार चोरलेल्या वाळूच्या बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड. गाडी जप्त, सोडवायला आणखी लाखाच्या घरातला दंड. दंड भरला नाही तर सातबाऱ्यावर बोजा. खाण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद. आणि याउपर एमपीडीए. १९८१च्या या कायद्याचं पूर्ण नाव एकदा मोठ्यानं वाचून बघा, श्वास पुरत नाही. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यांचे गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, व्हिडिओ पायरेट, आणि २०१५च्या दुरुस्तीपासून वाळू तस्कर. शेजारी जीवनावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारे.

यातल्या व्हिडिओ पायरेटचा धंदा मोबाइलनं बसवला. हातभट्टीवाल्याला देशी दारूच्या दुकानानं झाकोळलं. यादीत तरारून वाढला तो शेवटून दुसरा. कायद्याच्या नावात जागा मिळाली, की माणसाला प्रतिष्ठाही येते. पुढची पायरी पंचायत समिती.

जप्तीचाही एक ठेका असतो. भीमेच्या आणि उजनीच्या पाण्यात वाळू उपसणाऱ्या फायबर बोटी पकडतात. काठावर आणून ठेवायला जागा नाही, न्यायला क्रेन नाही, मालक सापडत नाही. मग जिलेटिन लावून पाण्यातच उडवतात. मोठा आवाज होतो, धूर निघतो, फोटो छान येतो. काही दिवसांनी त्याच पाण्यात नव्या बोटी.

गणपतीला आपण निदान 'पुढच्या वर्षी लवकर या' असं सांगतो. बोटी न सांगता येतात.

पंढरपुरात आणखी मजा. चंद्रभागेची वाळू गाढवांवरून जाते. प्रशासनानं गाढवंही पकडून पाहिली. आता गाढवाला जीपीएस कुठं लावणार? बारकोड कुठं चिकटवणार? त्याला पावतीबाबत विचारणा केली असता ते उडवाउडवीची उत्तरंही देत नाही. सगळ्या साखळीत बिनमोबदला काम करणारा आणि अंधाराचा फायदा न घेणारा तेवढा एकच जीव, आणि तोच सापडतो.

त्याच वाळवंटात उपशाचे खड्डे पडतात, त्यावर पाणी चढतं आणि कमरेएवढ्या पाण्यात स्नानाला उतरलेला वारकरी अचानक बुडतो. पंचनाम्यात लिहितात : खोलीचा अंदाज न आल्याने.

अंदाज कोणाला आला नाही, ते लिहीत नाहीत.

कोकणात जा. तिथं वाळूला रेती म्हणायचं आणि खाडीला खाण. कागदावर परवानगी हातपाटीची. म्हणजे डुबी मारणारा माणूस बांबूच्या आधारानं खाली जातो, श्वास कोंडून तळाशी बादली भरतो, वर येतो, होडीत ओततो, पुन्हा जातो. कानातून रक्त येणारं हे काम. पिढीजात, हळू, आणि खाडीला झेपणारं. होडीत हातपाटीचा पास असतो. शेजारी सक्शन पंप धडधडत असतो. पासावर चढलेली रेती जर खरोखर हातपाटीनं काढली असती तर कोकणातल्या निम्म्या पुरुषांना एव्हाना कल्ले फुटले असते.

विरोध करणाऱ्यांनाही फुटतं. डोकं. आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलअली यांच्यावर २००४ साली अलिबागजवळ किहीमला हल्ला झाला, २०१०मध्ये रायगडमध्येच पुन्हा. त्यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१०मध्ये उपसा थांबवला, आणि त्याच वर्षी राज्याला धोरण सुचलं.

सुचलं म्हणजे कसं? अंगावर पाणी ओतल्यावर जाग आली, याला आपण 'मला पहाटे उठायची सवय आहे' म्हणत नाही.

पुढचीही मोठी जाग कोर्टाचीच. २०१२च्या फेब्रुवारीत दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, पाच हेक्टरपेक्षा लहान घाटालाही पर्यावरण मंजुरी लागेल. कारण तोवर काय होत होतं? मोठा घाट मंजुरीत अडकतो म्हणून त्याचे पाचाच्या आतले तुकडे पाडायचे. एक नदी, दहा तुकडे, शून्य मंजुऱ्या. पोरानं नापास व्हायला नको म्हणून प्रगतिपुस्तकातलं गणिताचं पानच फाडावं, तसं.

२०१६ला केंद्रानं जिल्ह्याजिल्ह्यात मंजुरी देणाऱ्या समित्या काढल्या. जिल्हाधिकारीच अध्यक्ष. म्हणजे ज्यानं लिलाव करायचा, त्यानंच नदीला इजा होईल का हे तपासायचं. खाटकानंच बकऱ्याचा आरोग्य दाखला द्यायचा. २०१८मध्ये हरित लवादानं यावर बोट ठेवलं, तोवर दाखले वाटून झाले होते.

आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात जे म्हटलं ते वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. नदीत दरवर्षी किती वाळू नव्यानं येते याचा अभ्यास केल्याशिवाय वाळूचा जिल्हा सर्वेक्षण अहवाल ग्राह्य धरता येणार नाही, आणि त्या अहवालावर मंजुरीही देता येणार नाही.

म्हणजे? इतकी वर्षं नदीत येते किती, हे न बघताच काय न्यायचं ते ठरत होतं?

माझी आजी कणगीत हात घालून दाणे किती उरलेत ते बघायची, मग जोंधळे दळायला काढायची. तिच्याकडे उपग्रहाची छायाचित्रं नव्हती. जिल्ह्याकडे आहेत. फक्त कणगीत हात घालायला कोणी जात नाही, कारण कणगी रिकामी निघाली तर लिलावाचं काय करायचं?

गोदावरीला जायकवाडीची भिंत आहे, भीमेला उजनीची. वरून येणारी वाळू भिंतीला अडते. खाली उरलेली आजोबांच्या वेळची शिल्लक. तिच्यातून आपण चेक फाडतो आहोत, आणि बँकेचं पासबुक भरून घ्यायला कोणाला वेळ नाही.

माझ्या ब्रासाकडे येऊ. सकाळी गवंडी आला. मी टेप घेऊन ढीग मोजत होतो. तो हसला. म्हणाला, ओली वाळू फुगते साहेब, वाळली की बसते. खरंच आहे. दमट वाळूचे कण पाण्यानं एकमेकांपासून लांब राहतात, माप भरल्यासारखं दिसतं. मी नदीचं पाणीही वाळूच्या भावानं घेतलं होतं. जलसंपदा खात्यानं माझ्याकडे वेगळं बिल पाठवू नये, एवढीच विनंती.

मग त्यानं शीतपेयाची रिकामी बाटली मागितली. तीत निम्मी वाळू घातली, पाणी ओतलं, खळखळ हलवली आणि ओट्यावर ठेवून तंबाखू मळत बसला. दहा मिनिटांत वाळू तळाशी बसली. वर दोन बोटं गाळ. चहासारखा.

"ही वाळू न्हाई," तो म्हणाला. "ह्यो काठ आहे."

पात्रातली वाळू संपली की काठ खणतात. काठाची माती धुऊन वाळू म्हणून विकतात. ज्याची बांधालगतची जमीन जाते तो शेतकरी तक्रार करतो, चौकशी होते, नदीनं प्रवाह बदलला असा अहवाल येतो. नदीवर खोटा अहवाल दिला म्हणून अजून तरी कोणी अब्रूनुकसानीचा दावा लावलेला नाही.

मी म्हटलं, परत पाठवू या? गवंड्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. परत घ्यायला रात्री तीनला कोण येणार?

इथं एक कबुली. आपणही साव नाही. घराला वाळू पाहिजे, स्वस्त पाहिजे, उद्या पाहिजे. जगात पाण्याच्या खालोखाल सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू वाळू-खडी. वर्षाला पन्नास अब्ज टन, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२२मध्ये सांगितलं. त्यात माझ्या भिंतीचा वाटा नगण्य. प्रत्येक भिंतीचा वाटा नगण्यच असतो.

आणि सरकार? ते तर सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. रस्ते, पूल, शाळा, कचेऱ्या. ठेकेदारानं वाळूची पावती जोडली नाही तर काय करतात माहीत आहे? बिलातून रॉयल्टी कापून घेतात. काम थांबत नाही, वाळू कुठून आली असं विचारत नाहीत, रक्कम कापली की झालं. चोराकडून सोनं घ्यायचं आणि जीएसटी मात्र चोख भरायचा.

नव्या चकचकीत तहसील कचेरीत बसून वाळूचोरांच्या सुनावण्या चालतात. त्या भिंतीला एकदा कान लावून बघा.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या गेल्या, माणसं गेली. दोष कोणाचा यावर तेव्हा तीन नावं निघाली : पुलाचं वय, नदीचा पूर आणि रेतीचा उपसा. पहिल्या दोघांना वकील लावता येत नाही.

आता नवा उपाय एम-सँड. दगड भरडून केलेली कृत्रिम वाळू. २०२५च्या मे महिन्यात त्याचंही धोरण आलं. ब्रासाला सहाशेऐवजी दोनशे रुपये स्वामित्वधन, सरकारी कामात वीस टक्के तरी हीच वापरायची. कल्पना वाईट नाही. गवंडी कुरकुरतात, पण चांगली धुतलेली असेल तर काँक्रीटला चालते. नदी वाचवायला डोंगर फोडायचा, एवढाच काय तो हिशेब. डोंगर संपले की पुन्हा नदीचं धोरण काढू, साल रिकामं असेलच.

घरकुलवाल्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू फुकट, हेही धोरणात आहे. प्रत्येक घाटातली दहा टक्के त्यांच्यासाठी राखीव. वाहतूक लाभार्थ्यानं करायची. ज्याच्याकडे घर नाही त्याच्याकडे ट्रॅक्टर असेल, असं गृहीत धरलेलं दिसतं. आणि ज्या तालुक्यात घाटाचा लिलावच झाला नाही, तिथं दहा टक्के कशाचे?

शून्याचे. हिशेब तंतोतंत जुळतो.

तर माझी पावती. चौथ्या दिवशी आली, व्हॉट्सॲपवर, चक्क. क्यूआर कोड, गाडी नंबर, तारीख, वेळ. वेळ दुपारी दोनची. ट्रॅक्टर रात्री तीनला आला होता, पण पावतीवरचा ट्रॅक्टर बहुधा वक्तशीर असावा. बिहारमध्ये कॅगनं वाळूची ई-चलनं तपासली तेव्हा रुग्णवाहिका, रिक्षा आणि मोटारसायकलींवरून वाळू गेल्याची नोंद निघाली होती. त्या मानानं माझी पावती अगदी घरंदाज.

फक्त मालाच्या रकान्यात लिहिलं होतं : कृत्रिम वाळू. ठिकाण : स्टोन क्रशर.

बरोबरच आहे. सप्टेंबर महिना. पावसाळ्यात नदीतला उपसा बंद. नदीच्या वाळूची पावती निघणार कुठून? क्रशर बारमाही चालतो.

योगायोग असा की त्याच दुपारी आमचे तलाठी भाऊसाहेब गल्लीतून चालले होते. तलाठी म्हणायची सवय जात नाही. दारातला ढीग बघून त्यांनी मोटारसायकल उभी केली. रीतसर विचारलं, "सर, पावती?" मी मोबाइल पुढं केला. त्यांनी कोड स्कॅन केला, हिरवी खूण आली. "ओके आहे. एम-सँड."

गल्लीतली चार पोरं तेव्हा ढिगावर बसून काहीतरी वेचत होती. एकीच्या फ्रॉकच्या ओच्यात मूठभर शिंपले जमले होते. छोटे, तपकिरी, काही अजून बंद. दुसऱ्याच्या हातात गोगलगायीचा अख्खा शंख.

भाऊसाहेब खाली वाकले. ओच्यातला एक शिंपला उचलून त्यांनी उन्हात धरला, उलटसुलट करून पाहिला. मग माझ्या मोबाइलकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. गवंडी भिंतीकडे.

"दगडातून निघाला असेल," मी म्हटलं.

"निघतात कधी कधी," ते म्हणाले. मग पोरीला विचारलं, "बाळ, दोन-चार देतेस का? आमच्या धाकटीला शाळेत प्रोजेक्ट आहे. नदीचा."

पोरीनं मोजून चार दिले. त्यांनी ते रुमालात बांधले, खिशात ठेवले आणि किक मारली.